मधुमेहींचा लिपिड प्रोफाइल आणि मूत्रपिंडांचा धोका: दोन रिपोर्ट एकत्र कसे वाचावेत

सकाळी साडेसातला पुण्यातल्या कुठल्याही पेठेतील लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला बसलेल्या मधुमेहींच्या चिठ्ठ्या पाहिल्या, तर त्यांवर शुगर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी) आणि फार तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) लिहिलेले आढळते. लघवीची बाटली हातात असलेला माणूस मात्र क्वचितच दिसतो. चरबीचा रिपोर्ट हृदयासाठी आणि क्रिएटिनिन मूत्रपिंडासाठी, अशी सरळ वाटणी रुग्णांच्या, आणि काही वेळा डॉक्टरांच्याही, मनात पक्की बसलेली असते. टाईप टू मधुमेहात ही वाटणी टिकत नाही. वाढलेले ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) आणि घटलेले एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ज्यांच्या रिपोर्टमध्ये वर्षानुवर्षे दिसते, त्यांच्यात मूत्रपिंडाचा आजार अधिक प्रमाणात आढळतो, हे अनेक देशांतील निरीक्षणांतून पुढे आले आहे. मात्र या आकड्यांवरून मूत्रपिंड बिघडले की नाही हे ठरवता येत नाही. कोणाच्या मूत्रपिंडांकडे अधिक बारकाईने पाहायला हवे, एवढेच त्यांवरून कळते, आणि पुढचा निवाडा लघवीच्या तपासणीवर होतो. हे दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचावेत कसे आणि वाचल्यावर करावे काय, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

तपासणीला जाण्यापूर्वी

लिपिड प्रोफाइलसाठी नऊ ते बारा तास उपाशी राहण्याची पद्धत आहे आणि मधुमेहींनी ती पाळावी, कारण त्यांच्यात महत्त्वाचा आकडा ट्रायग्लिसराइडचा असतो आणि जेवणाने सर्वांत जास्त हलतो तोही तोच. पाणी पिण्यास हरकत नाही. उलट ते प्यावेच. आदल्या रात्री लग्नाचे जेवण झाले असेल, दोन दिवसांत मद्य घेतले असेल, दिवाळीचा फराळ सुरू असेल किंवा अंगात ताप असेल, तर तपासणी आठवडा-दोन आठवडे पुढे ढकलावी. एकाच माणसाचे ट्रायग्लिसराइड काहीही विशेष न घडता पाचव्या हिश्शाने वरखाली होऊ शकते, त्यामुळे १६० चे १९० झाले म्हणून घाबरण्याचे आणि १९० चे १६० झाले म्हणून पेढे वाटण्याचे कारण नसते.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी लॅब उघडताच पहिला नंबर लावावा. उपाशीपोटी गोळी घेऊन रांगेत दीड तास बसल्यास साखर खाली जाऊन चक्कर येऊ शकते. सकाळचा डोस नाश्त्याबरोबर घ्यायचा का, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवावे आणि पिशवीत काही खाण्याचे असू द्यावे.

त्याच दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना न्यावा. लॅबमधून आदल्या दिवशी बाटली आणून ठेवली तर हे काम सोपे होते. सुरुवातीची थोडी धार सोडून मधली धार बाटलीत घ्यावी, झाकण घट्ट लावावे आणि नमुना दोन तासांच्या आत पोचवावा. पाळी चालू असताना, लघवीत जळजळ असताना, तापात किंवा आदल्या दिवशी सिंहगड चढून आल्यावर हा नमुना देऊ नये. या सगळ्यांनी लघवीतील प्रथिन तात्पुरते वाढते.

चिठ्ठीवर काय लिहिले आहे, तेही नीट पाहावे. ‘युरिन रुटीन’ या तपासणीतील पट्टीला प्रथिनाची थोडी गळती दिसत नाही. ती सुरुवातीची पायरी ओलांडल्यावरच पट्टीचा रंग बदलतो. आपल्याला हवी ती ‘युरिन अल्ब्युमिन क्रिएटिनिन रेशो’, म्हणजेच एसीआर. अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन, मूत्रपिंडाची गाळणी सैल झाली की ते लघवीत गळू लागते. काही लॅबमध्ये अजून ‘मायक्रोअल्ब्युमिन’ या जुन्या नावाने फक्त अल्ब्युमिन मोजून देतात. पाणी जास्त प्यायल्यावर लघवी पातळ होते आणि तो एकटा आकडा फसवतो. क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढले की ही अडचण राहत नाही. आरोग्य तपासणीचे पॅकेज घेताना त्यात कितीही डझन चाचण्या असल्याचे छापलेले असो, त्या यादीत एसीआर आहे का, हे आधी शोधावे. नसेल तर वेगळे पैसे भरून ती करून घ्यावी.

चरबीच्या पानावर काय शोधावे

एक नमुन्यादाखल रिपोर्ट घेऊ. समजा, कोथरूडमधल्या ५८ वर्षांच्या एका बाईंना नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. एकूण कोलेस्टेरॉल १८६, ट्रायग्लिसराइड २४०, एचडीएल ३६ आणि एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १०२, हे सारे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत आहे आणि एलडीएलसमोर लॅबने ‘आदर्शाच्या जवळ’ असे छापले आहे. घरी आल्यावर सगळे समाधानाने म्हणतात, कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे. प्रत्यक्षात हा रिपोर्ट मधुमेहातील चरबीच्या बिघाडाचा अगदी ठळक नमुना आहे.

इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाले की चरबीच्या पेशींतून मेदाम्ले सतत सुटत राहतात, यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड बनवून व्हीएलडीएल कणांच्या रूपात रक्तात सोडते आणि ते कण मोडण्याचे काम करणारे विकरही (एन्झाइम) मंदावते. या गर्दीत कणाकणांमध्ये चरबीची देवाणघेवाण होते आणि त्यातून एचडीएल लवकर नष्ट होऊ लागते, तर एलडीएलचे कण लहान आणि घट्ट होतात. लहान कणांमध्ये प्रत्येकी कोलेस्टेरॉल कमी मावते, त्यामुळे कणांची संख्या वाढलेली असूनही एलडीएलचा आकडा साधारणच दिसतो. बाईंचा १०२ हा आकडा म्हणूनच फसवा आहे.

आणखी एक गोष्ट अशी, की अनेक लॅब एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत. १९७२ साली फ्रीडवाल्ड यांनी मांडलेल्या सूत्रानुसार एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा केला जातो. बाईंच्या बाबतीत १८६ उणे ३६ उणे ४८, म्हणजे १०२. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे सूत्र लागू पडत नाही, आणि त्याच्या बरेच अलीकडेही एलडीएल कमी दाखवण्याकडे त्याचा कल असतो. अशा वेळी ‘डायरेक्ट एलडीएल’ करून घ्यावे.

मधुमेहींनी पेन घेऊन एक वजाबाकी स्वतःच करावी: एकूण कोलेस्टेरॉल उणे एचडीएल. यालाच नॉन-एचडीएल म्हणतात. त्यात धमन्यांना अपाय करणारे सगळे कण येतात, त्याला उपाशीपोटाची अट नाही आणि वेगळा खर्चही नाही. बाईंचा हा आकडा १५० येतो. मधुमेहाबरोबर मूत्रपिंडाचाही आजार असेल तर एलडीएल ७० च्या खाली आणि नॉन-एचडीएल १०० च्या खाली ठेवण्याचे लक्ष्य सामान्यतः धरले जाते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांसाठी एलडीएलचे लक्ष्य आणखी खाली, ५५ च्या आत असते. लॅबने छापलेली मर्यादा सरसकट सगळ्यांसाठी असते. समोरच्या माणसाला मधुमेह आहे, हे तिला ठाऊक नसते.

ट्रायग्लिसराइड १५० च्या आत हवे आणि एचडीएल पुरुषांत ४० च्या व बायकांत ५० च्या वर असावे. ट्रायग्लिसराइडला एचडीएलने भागले की जे गुणोत्तर येते (बाईंचे जवळजवळ ६.७) ते इन्सुलिनला दाद न देण्याच्या प्रवृत्तीचा ढोबळ अंदाज देते. अलीकडे काही रिपोर्टवर ‘टीवायजी इंडेक्स’ किंवा ‘एथेरोजेनिक इंडेक्स’ असेही आकडे दिसू लागले आहेत. पहिल्यात उपाशीपोटीची साखर आणि ट्रायग्लिसराइड यांचा गुणाकार असतो, दुसऱ्यात ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल यांच्या गुणोत्तराचा लॉगरिदम. मूत्रपिंडाच्या आजाराशी या दोन्हींचा संबंध संशोधकांनी तपासला आहे, परंतु एका रुग्णाचा उपचार त्यांवरून ठरवावा इतके ते पक्के नाहीत. शिवाय ज्याला मधुमेह आहे त्याचा टीवायजी साखरेमुळेच वाढलेला असणार. माझ्या मते त्यांच्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे एसीआरवर खर्च करावेत.

बारीक माणसांनी या पानाकडे दुर्लक्ष करू नये, हे पुण्यात तरी वेगळे सांगायला नको. येथील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या ‘बारीक पण चरबीयुक्त’ देहयष्टीवर दीर्घकाळ काम केले आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण छापले: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावरचे वजन बरे दिसते म्हणून ट्रायग्लिसराइड बरे असेल, असे आपल्याकडे गृहीत धरता येत नाही. कमरेचा घेर टेपने मोजावा. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला तर पोटात चरबी साठली आहे असे समजावे.

चरबी आणि मूत्रपिंड यांचा संबंध कोणत्या बाजूने?

रक्तातील चरबी मूत्रपिंडाला थेट इजा करत असावी, ही कल्पना १९८२ साली मूरहेड आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. मूत्रपिंडातील गाळणीच्या केशवाहिन्यांत चरबीचे कण साठतात, तेथील पेशींना सूज येते, गाळणी सैल होऊन अल्ब्युमिन गळू लागते आणि त्या अल्ब्युमिनला चिकटलेली मेदाम्ले पुढच्या नलिकांच्या पेशींवर भार टाकतात, असा तिचा एकंदर आशय आहे. प्रयोगशाळेत याला दुजोरा देणारे बरेच काही सापडले आहे.

पण संबंध उलट बाजूनेही चालतो. मूत्रपिंड मंदावले की ट्रायग्लिसराइड मोडणारे विकर अधिकच सुस्तावते. लघवीतून प्रथिन मोठ्या प्रमाणात जाऊ लागले की यकृत भरपाई करताना चरबीचे कणही अधिक बनवते. म्हणजे एखाद्याचे ट्रायग्लिसराइड अचानक वाढले, तर ते मूत्रपिंड बिघडण्याचे कारण असू शकते, परिणामही असू शकते आणि साखर व पोटावरच्या चरबीसारख्या तिसऱ्याच गोष्टीची दोन्ही फळे असू शकतात. थायरॉइड मंदावणे, स्टेरॉइडच्या गोळ्या आणि मद्य यांनीही हे आकडे वाढतात. त्यामुळे टीएसएच ही थायरॉइडची तपासणी एकदा तरी केलेली असावी.

खरी कसोटी म्हणजे औषधाने चरबी उतरवली तर मूत्रपिंड वाचते का. याचे उत्तर अपेक्षेपेक्षा निराशाजनक आले आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शार्प’ चाचणीत मूत्रपिंडाचा आजार असलेल्या नऊ हजारांहून अधिक लोकांना सिमव्हास्टॅटिन आणि इझेटिमाइब यांची जोडी किंवा निष्क्रिय गोळी दिली गेली. हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या मोठ्या घटना १७ टक्क्यांनी कमी झाल्या, पण मूत्रपिंडाची घसरण थांबली नाही. ट्रायग्लिसराइड उतरवणाऱ्या फेनोफायब्रेटने ‘फील्ड’ आणि ‘अ‍ॅकॉर्ड’ या मधुमेहींवरच्या चाचण्यांत लघवीतील अल्ब्युमिन काहीसे कमी केले, मात्र रक्तातील क्रिएटिनिन वाढवले, आणि ते औषध थांबवल्यावर पुन्हा उतरले. २०२२ साली त्याच गटातील पेमाफायब्रेटवरच्या ‘प्रॉमिनंट’ चाचणीत ट्रायग्लिसराइड सुमारे पाव हिश्शाने घटले, तरी हृदयाच्या घटना कमी झाल्या नाहीत आणि मूत्रपिंडासंबंधी तक्रारी उलट अधिक नोंदल्या गेल्या.

म्हणून ‘किडनीसाठी ट्रायग्लिसराइडची गोळी’ हा हट्ट सोडावा. स्टॅटिन (सिमव्हास्टॅटिनसारखे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध) घ्यायचे ते हृदयासाठी, आणि मूत्रपिंड बिघडलेल्या मधुमेहीला ते अधिकच गरजेचे असते, कारण अशा रुग्णांपैकी बहुतेकांना डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकाराचा धोका गाठतो.

मूत्रपिंडाचे पान

येथे दोन आकडे लागतात आणि दोन्ही एकाच वेळी लागतात.

पहिला एसीआर. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती वाढलेली, ३०० च्या वर म्हणजे ती बरीच वाढलेली. काही लॅब मिलिग्रॅम प्रति मिलिमोल या एककात उत्तर देतात. तेथे ३ म्हणजे आपले साधारण ३०. एकक न पाहता ‘फक्त आठ आला’ म्हणून निश्चिंत होणारे लोक आहेत, तेव्हा आकड्यापुढची बारीक अक्षरेही वाचावीत. एकदा वाढलेला आढळला म्हणून लगेच आजाराचे निदान होत नाही. तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासून तीनपैकी दोन नमुन्यांत तो वाढलेला आला, तरच गळती कायमची मानतात.

दुसरा ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडे दर मिनिटाला किती रक्तद्रव गाळतात याचा अंदाज. तो क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून काढतात. त्यासाठी २०२१ चे सीकेडी-ईपीआय सूत्र आता अनेक ठिकाणी वापरले जाते. नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबणे किती धोक्याचे आहे, ते आपल्या बाईंवरूनच दिसते. त्यांचे क्रिएटिनिन १.१ आहे आणि बहुतेकांना ते नॉर्मल वाटेल. हेच १.१ अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाचे असते तर ईजीएफआर ९४ च्या आसपास आला असता. ५८ वर्षांच्या बाईंचा तो येतो ५८. साठच्या खालचा आकडा तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला, तर त्याला मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार म्हणतात. लॅबने ईजीएफआर छापला नसेल, तर या सूत्राचे गणकयंत्र मोबाईलवर सहज मिळते.

क्रिएटिनिन स्नायूंतून येते, त्यामुळे अगदी कृश वृद्धांत ते कमी राहून मूत्रपिंड आहे त्यापेक्षा चांगले भासते, आणि जिममध्ये क्रिएटिनची पावडर घेणाऱ्या तरुणात उगाच घाबरवते. शंका असेल तर सिस्टॅटिन सी ही तपासणी डॉक्टर सुचवू शकतात.

या दोन आकड्यांपैकी कोणताही एक सुरुवातीला साफ असू शकतो. ईजीएफआर ९५ असूनही एसीआर १५० असणारे मधुमेही असतात, आणि एसीआर जेमतेम २० असून ईजीएफआर ५० वर आलेलेही असतात. पायावर सूज, फेसाळ लघवी किंवा थकवा येईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही, कारण तोवर बरीच वाट चालून झालेली असते. टाईप टू मधुमेहात निदान झाल्या दिवसापासूनच वर्षातून एकदा ही जोडी करायची असते. साखर वाढून किती वर्षे झाली, हे निदानाच्या दिवशी कोणालाच नक्की ठाऊक नसते.

दोन्ही पाने शेजारी ठेवल्यावर

वहीच्या एका पानावर तारीख, एचबीएवनसी, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, नॉन-एचडीएल, एसीआर आणि ईजीएफआर असे रकाने आखून जुन्या फाईलमधील आकडे भरावेत. डॉक्टरांच्या पाच मिनिटांत ही वही पूर्ण फाईलपेक्षा जास्त उपयोगी पडते. एकेका आकड्यापेक्षा त्याची चाल पाहावी: ईजीएफआर वर्षाला पाचाहून अधिक उतरतो आहे का, एसीआर दुप्पट झाला आहे का.

चरबी बिघडलेली पण एसीआर आणि ईजीएफआर दोन्ही साफ असतील, तर मूत्रपिंड सध्या सुरक्षित आहे. मात्र पुढच्या वर्षीची एसीआर चुकवू नये आणि इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरावर, म्हणजे पोट, साखर आणि रक्तदाब यांवर, आत्ताच काम सुरू करावे. चरबी ठीक आणि एसीआर वाढलेला, हेही होते. तेव्हा चरबी चांगली आहे म्हणून गळतीकडे डोळेझाक करू नये. दोन्ही बिघडलेले असतील, जसे आपल्या बाईंचे आहे (त्यांचा एसीआर ७४ आला असे धरू आणि तो दुसऱ्या नमुन्यातही तसाच राहिला असे समजू), तर पुढील उपचारांविषयी डॉक्टरांशी स्पष्ट बोलावे.

डॉक्टरांशी बोलताना कोणत्या औषधांचा विषय काढावा

रक्तदाब वाढलेला आणि अल्ब्युमिन गळत असेल, तर टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रॅमिप्रिलच्या गटातील औषध पूर्ण सोसेल त्या मात्रेत दिले जाते. लोसार्टन आणि इर्बेसार्टन मधुमेहींच्या मूत्रपिंडाची घसरण मंद करतात, हे २००१ सालीच सिद्ध झाले. सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे लागते. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढले तर ते चालते, आणि घाबरून स्वतःहून गोळी बंद करू नये. गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांनी मात्र ही औषधे आणि स्टॅटिन या दोन्हींबाबत डॉक्टरांना आधी सांगावे.

डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी औषधे मूत्रपिंडासाठी गेल्या दशकातली सर्वांत मोठी भर आहेत, असे मी म्हणेन. २०२० च्या ‘डापा-सीकेडी’ चाचणीत मूत्रपिंड निकामी होणे किंवा त्यासारख्या गंभीर घटना ३९ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि त्यात मधुमेह नसलेले रुग्णही होते. भारतात ही दोन्ही औषधे आता जेनेरिक स्वरूपात मिळतात, त्यामुळे किंमत पूर्वीसारखी आडवी येत नाही. सुरुवातीला ईजीएफआर थोडा उतरतो आणि मग स्थिरावतो. एलडीएलही किंचित वाढू शकते, तेव्हा लिपिड प्रोफाइल पाहून या औषधावर राग काढू नये. जननेंद्रियाजवळ बुरशीचा त्रास टाळण्यासाठी स्वच्छता हवी. आपल्याकडे विशेष जपायचे ते उपवासांना: निर्जळी एकादशी, नवरात्रातील कडक उपास, जुलाब-उलट्या किंवा ठरलेली शस्त्रक्रिया यांच्या वेळी हे औषध काही दिवस थांबवावे लागते, अन्यथा साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढून जिवावर बेतू शकते. वारीला पायी जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी हे विचारून घ्यावे.

सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन मधुमेही मूत्रपिंडरुग्णांत गंभीर घटना २४ टक्क्यांनी कमी करते, असे २०२४ च्या ‘फ्लो’ चाचणीत दिसले. वजन आणि ट्रायग्लिसराइडही त्याने उतरतात. फिनेरेनोन हे आणखी एक औषध आहे. ते पोटॅशियम वाढवते, म्हणून पोटॅशियम तपासत राहूनच घ्यावे लागते.

स्टॅटिन चाळिशीपुढच्या बहुतेक मधुमेहींना द्यावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. अटोरव्हास्टॅटिनची मात्रा मूत्रपिंड मंदावले तरी बदलावी लागत नाही. रोसुव्हास्टॅटिनची मात्र ईजीएफआर ३० च्या खाली गेल्यावर मर्यादित ठेवतात. रिपोर्ट चांगला आला की गोळी बंद करण्याची आपल्याकडे फार घाई असते, पण तो चांगला आलेला असतो तो गोळीमुळेच. फेनोफायब्रेटचे मुख्य काम ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेल्यावर स्वादुपिंडाला सूज येऊ नये, हे. ईजीएफआर साठच्या खाली असताना त्याची मात्रा कमी करतात आणि तिसाच्या खाली ते देत नाहीत. मेटफॉर्मिनही ईजीएफआर ४५ च्या खाली कमी करून ३० च्या खाली थांबवतात.

गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेले डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणि ‘किडनी साफ करणारे’ म्हणून विकले जाणारे, घटक न छापलेले काढे व भस्मे या दोन गोष्टी बंद कराव्यात, एवढे मात्र डॉक्टरांना न विचारताही करता येते.

स्वयंपाकघरात

ट्रायग्लिसराइड तेला-तुपापेक्षा साखर, मैदा, भात आणि मद्य यांनी अधिक वाढते, हे अनेकांना पटत नाही. रसवंतीतला ग्लासभर उसाचा रस, उन्हाळ्यातली मस्तानी, चहाबरोबरची क्रीमरोल आणि उपवासाची साबुदाणा खिचडी यांचा हिशेब आधी करावा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्याऐवजी वरीचा भातही थोडाच घ्यावा आणि बरोबर दही, काकडी घ्यावी. रोजच्या जेवणात ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ आणि पालेभाजी यांना जागा द्यावी. तेल माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास ठेवावे. शरीराचे वजन ५ ते १० टक्के उतरले तर ट्रायग्लिसराइड सुमारे पाचव्या हिश्शाने खाली येते, आणि यात औषधाचा पैसा लागत नाही.

मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. लोणचे, पापड, फरसाण आणि मिसळीवरची शेव यांत ते सहज संपून जाते. ‘लो सोडियम’ मीठ मात्र ईजीएफआर कमी असणाऱ्यांनी किंवा टेल्मिसार्टनसारखे औषध घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय वापरू नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. प्रथिने शरीराच्या दर किलोला सुमारे ०.८ ग्रॅम पुरेशी आहेत. मूत्रपिंडाच्या भीतीने डाळ पूर्ण बंद करणाऱ्या घरांत रुग्ण अशक्त होतो, आणि प्रोटीन पावडरचे डबे आणणाऱ्या घरांत उलटा अतिरेक होतो.

तळजाई, पर्वती किंवा घराजवळची कुठलीही टेकडी आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास चालायला पुरते. तंबाखू आणि मिस्री सोडावी. ती मूत्रपिंड आणि हृदय दोघांनाही घातक आहे.

पुन्हा तपासणी कधी, आणि मूत्रपिंडतज्ज्ञांकडे कधी

स्टॅटिन सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर सहा ते बारा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करावे, आणि आकडे लक्ष्यावर आल्यावर वर्षातून एकदा पुरते. एसीआर आणि ईजीएफआर साफ असतील तर वर्षातून एकदा. बाईंसारखी स्थिती असेल तर वर्षातून किमान दोनदा. ईजीएफआर ३० च्या खाली गेल्यास तीन-चार वेळा.

ईजीएफआर ३० च्या खाली, एसीआर उपचार करूनही ३०० च्या वर, काही महिन्यांतच झपाट्याने घसरण, लघवीत रक्त, किंवा पोटॅशियम वारंवार वाढणे, यांपैकी काहीही असेल तर मूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवावे. आणखी एक खूण डोळ्यांची आहे: लघवीतून प्रथिन भरपूर जाते आहे, पण डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा काहीच परिणाम नाही, असे आढळल्यास मूत्रपिंडाचा आजार मधुमेहामुळे नसून दुसऱ्याच कारणाने झालेला असू शकतो आणि त्याचा उपचार वेगळा असतो. म्हणून पहिल्या भेटीला जाताना रकाने भरलेली वही, सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या (काढे आणि वेदनाशामके धरून) आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचा शेवटचा रिपोर्ट बरोबर न्यावा.